श्रावण मिस्त्री आणि जर्मनचा पत्रा

१७ डिसेंबर १९८७.

दुपारपासून श्रावण मिस्त्रींची अवजारं वेगळी करते आहे. त्यांना जाऊन सहा दिवस झाले. परवा त्यांचा जावई मुलताईहून येईल आणि पेटी घेऊन जाईल. पेटीत त्यांची स्वतःची अवजारं कोणती आणि कारखान्याची कोणती, हे आता माझ्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, म्हणून मीच बसले. हातोड्या नऊ, त्यांतल्या चार आमच्या. पत्र्याच्या मागून आधार द्यायचे लोखंडी ठोकळे सात. ते सगळे त्यांचे, भंगारातल्या रुळाचे तुकडे आणून स्वतः घासून केलेले. आणि जुन्या धोतराचा एक मऊ तुकडा, चार घड्यांचा. तो कोणाचा हे लिहून ठेवायची गरज नाही.

पांढुर्ण्याला स्टेशनच्या अलीकडे आमचा बसच्या बॉड्या बांधायचा कारखाना आहे. कंपनीतून अख्खी बस येत नाही. येते ती नुसती चासी, म्हणजे इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला एक लाकडी खोका. नागपूरहून ड्रायव्हर तोंडाला दुपट्टा बांधून ती उघडीवाघडी चासी चालवत आणतो. तिच्यावर सांगाडा उभा करणं, त्याला पत्रा चढवणं, खिडक्या, दारं, टप, सीटा, हे आमचं काम. आमचे यजमान होते तोवर ते बघायचे. १९७९ साली ते गेले आणि दहाव्या दिवशी दोघे-तिघे नातेवाईक कारखाना विकायचा सल्ला घेऊन आले. त्याच दिवशी मिस्त्रीही आले. अंगणात उभ्याउभ्या म्हणाले, "वहिनी, बंद करन्याचं असन तं आजच सांगा. चासीवर सांगाडा चढला हाय. अर्धी बॉडी सोडून जानं माह्याच्यानं होत नाही."

मी म्हटलं, "मग पुरी करा."

ती पुरी झाली, मग पुढची आली. विकायची गोष्ट राहूनच गेली.

मिस्त्री तेव्हा पन्नाशीचे असतील. बुटका बांधा, खाकी अर्धी पँट, डोक्याला पांढरी टोपी, गालात सुपारी. मान जरा डावीकडे कललेली. तीस वर्षं एकाच कानानं पत्रा ऐकून ती तशीच राहिली होती. हातोडी पडली की मागचा ठोकळा नेमका बसला आहे की सरकला आहे, हे त्यांना आवाजावरून कळे. सगळी माणसं काम संपल्यावर हात धुतात. मिस्त्री कामाला लागायच्या आधी धुवायचे, साबण लावून, कोपरापर्यंत. "तेलकट हाताले पत्रा खोटं सांगते," म्हणायचे. मग धोतराचा तो तुकडा पत्र्यावर ठेवून, डोळे मिटून, वरून तळहात फिरवायचे. उघड्या हाताला न लागणारा उंचवटा कापडातून लागतो. मी करून पाहिलं. मला दोन्हींतून काही लागलं नाही.

टेप त्यांनी कधी वापरली नाही. त्यांच्याकडे गाठी मारलेली एक सुतळी होती. कुठली गाठ खिडकीची आणि कुठली दाराची, हे त्यांनाच ठाऊक. एकदा मी टेप लावून त्यांची अख्खी खिडक्यांची ओळ तपासली. ते शांतपणे सुपारी कातरत बसले होते. माझं मोजून झाल्यावर विचारलं, "टेप बरोबर हाय ना, वहिनी?"

दुसऱ्याच्या गाडीत पावसाचा थेंब येऊ न देणाऱ्या या माणसाच्या घरात पावसाळ्यात तीन पातेली मांडलेली असत. बायको होती तोवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "माह्या घराले चाकं लावा बाप्पा, मंग पाहतीन हे!" मिस्त्री हसायचे, पण छपरावर चढायचे नाहीत. ती गेल्यावरही चढले नाहीत.

दुसऱ्यांनी बांधलेल्या बसमध्ये ते सहसा बसत नसत. दाराजवळ दांडी धरून उभे राहत. मी एकदा नागपूरला जाताना पाहिलं, सीट रिकामी असून हे आपले उभे. म्हटलं, "मिस्त्री, बसा ना." म्हणाले, "बसलो असतो, पन माह्या पाठीमांगचा पत्रा आवाज करून राहिला. ध्यान तिकडंच राहते." ही ऐट नव्हती. त्यांना खरंच त्रास व्हायचा.

सौंसरचे वासुदेवराव मोटरवाले आमचं जुनं गिऱ्हाईक. पांढुर्णा ते सौंसर, सौंसर ते छिंदवाडा अशा त्यांच्या गाड्या चालतात. ब्याऐंशीच्या की त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात त्यांची एक गाडी सौंसरपुढच्या घाटात घसरली आणि दोन कोलांट्या खाऊन खाली थांबली. गाडी आमच्या कारखान्यातली, बॉडी मिस्त्रींची. गाडीभर माणसं होती. हात मोडले, डोकी फुटली, पण मेलं कोणी नाही. टप चेपला, तरी सीटांपर्यंत खाली आला नाही. वासुदेवराव नारळ-शेला घेऊन कारखान्यात आले, तर मिस्त्री जागेवर नव्हते. बातमी कळल्याबरोबर ते एका ट्रकमध्ये बसून घाटात गेले होते. संध्याकाळी परतले ते मानेपर्यंत चिखलानं भरून.

"मांगच्या दाराच्या वरचा जोड उघडला," आल्या आल्या त्यांनी सांगितलं.

वासुदेवराव म्हणाले, "मिस्त्री, माणसं वाचली ना!"

"हो. पन जोड उघडला."

शेला त्यांनी घेतला, घडी करून पेटीवर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात उभ्या असलेल्या गाडीच्या त्या जोडाला आतून दुहेरी पट्टी मारायला घेतली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गाडीत ती असते. लोखंडाबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "ते वाकन, चेपन, पन धरलेलं सोडत नाही." घाटातल्या त्या गाडीपासून हे वाक्य त्यांनी फार वेळा म्हटलं. त्याचा परिणाम काय होईल हे तेव्हा मला कळलं नाही. कळायला हवं होतं.

चौऱ्याऐंशी साली वासुदेवराव इंदूरला जाऊन आले आणि तिकडे पाहिलेल्या गाड्यांचं वेड घेऊन आले. "वहिनी, आता तीन गाड्या बांधायच्या. तिन्हींना अॅल्युमिनियमचा पत्रा. वजन कमी, डिझेल कमी, आणि गंजाचं नाव नाही. दर दोन वर्षांनी खालचा पत्रा बदलायची कटकट गेली." ते बरोबरच बोलत होते. लोखंडी पत्रा चाकांजवळ सडतोच. चिखल उडतो, टपावरच्या संत्र्याच्या खोक्यांतून सडक्या फळांचा रस ओघळतो, तो खाली साचतो. आणि मी नाही म्हटलं असतं, तर ते नागपूरला गेले असते. माझ्याकडे चौदा माणसं होती. मी हो म्हटलं.

पत्रे आले त्या दिवशी मिस्त्रींनी हात धुतले, एक अख्खा पत्रा एकट्यानं उचलून उभा केला आणि माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, हे तं जर्मन हाय."

आमच्याकडे अॅल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. सगळी माणसं हसली.

"पोह्याच्या पातेल्यात मानसं बसवून छिंदवाड्याले पाठवता का?"

"इंदूरला पाठवून राहिले, मिस्त्री. आपल्यालाही जमलं पाहिजे."

"जमन ना. जमाले काय झालं? पन धरन का, ते इचारतो मी."

टपाचा कोपरा गोल करायचा असला की पत्रा तापवावा लागतो. मिस्त्रींनी गॅसची बत्ती पेटवून तिची ज्योत पत्र्यावर धरली आणि लोखंडाची वाट पाहतात तशी वाट पाहत राहिले. लोखंड तापलं की आधी रंग बदलतं, मग लाल होतं. तेव्हा हातोडी मारायची. हा पत्रा लाल झालाच नाही. होता तसा पांढराफटक राहिला आणि बघता बघता मधोमध बसला, भोक पडून खाली टपकला. मिस्त्रींच्या पायाशी कथिलासारखा गोळा. या वेळी कोणी हसलं नाही. त्यांनी बत्ती विझवली. नळावर गेले, पुन्हा हात धुतले, आणि बाकावर येऊन बसले.

तिथूनच म्हणाले, "लोखंड सांगते, वहिनी. आता लाल झालो, आता मार. हा काही सांगतच नाही. सरळ मरते."

मी पत्रा विकणाऱ्याकडून नागपूरचा एक कारागीर दोन दिवसांसाठी बोलावला. तिशीचा, बडबड्या, हिंदी बोलणारा. त्यानं युक्ती दाखवली: पत्र्यावर कपड्याच्या साबणाची वडी घासायची, मग बत्ती मारायची. "मिस्त्रीजी, साबुन काला पड़े तो समझो बस. उसके आगे एक सेकंद नहीं."

मिस्त्रींनी विचारलं, "अन् साबन खोटं बोललं तं?"

"साबुन क्यों झूठ बोलेगा, मिस्त्रीजी?"

"त्याचं काय जाते?"

पण ते शिकले. मला वाटलं होतं, हट्ट धरतील, काम सोडतील. तसं काही झालं नाही. तीन आठवड्यांत त्यांच्या हातचा कोपरा त्या नागपूरवाल्यापेक्षा सरस उतरायला लागला. साबणाच्या वड्या कारखान्यात येऊ लागल्या. कान मात्र आता पत्र्याकडे लागत नसे, कारण या पत्र्याचा आवाज त्यांना काही सांगत नव्हता. पूर्वी ठोकता ठोकता ते काहीबाही बोलत असत. ते थांबलं. दुपारच्या डब्यालाही एकटेच बसू लागले. मी विचारलं, "काही दुखतं का?" म्हणाले, "नाही. ध्यान लावा लागते."

पत्र्यांबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. कारखान्यात इंग्रजी मलाच वाचता येतं. त्यात तीन गोष्टी लिहिल्या होत्या. सांगाड्याच्या लोखंडाला पिवळा प्रायमर मारा. लोखंड आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी घाला. आणि रिपिट, म्हणजे पत्रा सांगाड्याला धरून ठेवणारे खिळे, फक्त अॅल्युमिनियमचे वापरा. मी मिस्त्रींना बोलावून तिन्ही सांगितल्या.

त्यांनी अॅल्युमिनियमचा एक रिपिट घेतला, पकडीत धरून दाबला, तो वाकला. "हा? हा धरन गाडी?"

"कागदावर तसं लिहिलं आहे."

"काऊन लिहिलं?"

मला माहीत नव्हतं. कागदावर कारण नव्हतं. त्या दिवशी माझ्यापुढे चार कामं पडली होती आणि बाहेर सीटांचा रेक्झिनवाला थांबला होता. मी म्हटलं, "मिस्त्री, सांगितलं तेवढं करा ना. सगळ्या गोष्टींचं काऊन-काऊन करत बसलो तर गाडी कधी निघेल?"

"बरं," ते म्हणाले.

पाच वर्षांत या माणसानं मला 'काऊन' फार तर चारदा विचारलं असेल. त्यानंतर विचारलं नाही.

तिन्ही गाड्या पंच्याऐंशी सालात निघाल्या. दिसायला देखण्या होत्या, हे खरं. दोन पावसाळे नीट गेले. वासुदेवराव भेटतील तिथे डिझेल किती वाचलं ते सांगत. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, म्हणजे गेल्या सप्टेंबरात, त्यातली पहिली गाडी पांढुर्ण्याहून सौंसरला जात असताना मागच्या चाकाजवळचा खालचा पत्रा सुटला. अख्खा पडला असता तर बरं होतं. एका बाजूनं धरून राहिला आणि दार उघडावं तसा बाहेर उघडला. रस्त्याच्या कडेनं किसना नावाचा एक माणूस सायकलवर चालला होता. तिगावकडच्या एका संत्र्याच्या बागेत तो चौकीदार आहे. पत्र्याची धार त्याच्या डाव्या हातावर बसली. दोन बोटं गेली. तिसरं आहे, पण वाकत नाही.

गाडी कारखान्यात आणली. मी आणि मिस्त्री दोघेही वाकून पाहत होतो. पत्र्याच्या कडेला भोकं होती, पण गोल नव्हती. खाऊन खाऊन मोठी झालेली, कडा पापडासारख्या, आणि भोवती पांढरी भुकटी. सगळी भोकं तशी नव्हती. दोन चांगली, एक खाल्लेलं. दोन चांगली, एक खाल्लेलं. मी खाल्लेल्या एका भोकातून रिपिट काढला. रंगाखाली तो लोखंडी होता.

मी काही विचारायच्या आधीच मिस्त्री म्हणाले, "म्याच ठोकले. दर दोहोंच्या मांगं एक लोखंडी. तुमी घरी गेल्यावर."

"का?"

"घाटातली गाडी डोळ्यांपुढं होती. हे मऊ रिपिट त्या वक्ताले सुटले असते, वहिनी. मानसं बाहेर फेकली गेली असती." त्यांनी ती पांढरी भुकटी बोटावर घेतली, चोळली. "हे काय हाय?"

"गंज आहे. अॅल्युमिनियमचा."

"शेठ तं म्हने, याले गंजच लागत नाही."

मी दुसऱ्या दिवशी हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट किंवा आंबट पाणी आलं, की त्यांतला एक विरघळायला लागतो. लोखंड आणि अॅल्युमिनियम टेकलं तर खाल्लं जातं ते अॅल्युमिनियम. म्हणून प्रायमर, म्हणून रबर, म्हणून रिपिट त्याच धातूचा. मिस्त्रींनी मजबुतीसाठी घातलेलं लोखंडच पत्रा खात बसलं होतं, चिखलाच्या आणि संत्र्याच्या रसाच्या ओलीत, अडीच वर्षं. सर म्हणाले, ही आठवीच्या मुलांना समजेल अशी गोष्ट आहे. आणि मला तर त्याहून सोप्या तऱ्हेनं समजायला हवी होती. जर्मनच्या पातेल्यात रात्रभर आंबट वरण राहिलं तर तळाला काळे ठिपके पडतात आणि पुढं भोकं पडतात, हे मी लग्नाआधीपासून पाहते आहे. विचारलं असतं तर हेच उदाहरण देता आलं असतं. मिस्त्रींनी ते लगेच मानलं असतं. त्यांनी तर विचारलंही होतं.

मी कारखान्यात येऊन त्यांना कारण सांगितलं, पातेल्याच्या उदाहरणासकट. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"हे आधी माहीत असतं तं..." ते म्हणाले. मला दोष द्यायचा त्यांचा हेतू नव्हता. मी तो घेतला, पण त्याचा काय उपयोग?

मग म्हणाले, "अजून दोन गाड्या हायत."

दुसरी गाडी ऑक्टोबरात आली, तिचे लोखंडी रिपिट काढून नवे पत्रे बसवले. ते काम मिस्त्रींनी माणसांकडून करून घेतलं, समोर उभं राहून. स्वतः हातोडी उचलली नाही. त्या दिवसापासून कधीच नाही. मी एकदा हातोडी पुढं केली तर म्हणाले, "हाताले काही झालं नाही. पन मले नका सांगू."

तिसरी गाडी वासुदेवराव देईनात. आंबिया बहाराची संत्री निघायला लागली होती. टपावर खोके, आत माणसं, रोज सौंसर-छिंदवाडा दोन फेऱ्या. मी दोनदा सौंसरला जाऊन सांगितलं. "वहिनी, पाहिलं मी, पत्रा पक्का आहे. संत्री निघू द्या, जानेवारीत गाडी तुमच्या दारात उभी करतो." मी एक चिठ्ठीही लिहिली. सगळं सांगून झालं, असं मला वाटलं. आता त्यांची गाडी, त्यांची जबाबदारी.

मिस्त्रींना तसं वाटलं नाही. ते रोज सकाळी पहिल्या गाडीनं सौंसरला जायला लागले. तिसरी गाडी रात्री तिथल्या स्टँडवर उभी असते. ती छिंदवाड्याला सुटायच्या आधी तिच्याभोवती फिरून, वाकून, खालच्या पत्र्याचा एकेक रिपिट अंगठ्यानं दाबून पाहायचा. ढिला असेल तिथे तारेनं बांधायचं. मग परत यायचं. येताना वाटेत किसनाकडे उतरायचं. कारखान्यात आता ते येत नसत.

किसना हा तोंडाचा फाटका माणूस. मी त्याच्याकडे मदत घेऊन गेले होते तेव्हा मिस्त्री तिथेच बागेच्या बांधावर बसले होते. किसना मला म्हणाला, "बाई, याईले काही तरी सांगा. रोज येऊन माहा हात पाहून राहिले. बोटं वाढून राहिली का, ते पाहाले येतात का हे?"

मिस्त्री बांधावरचं गवत खुडत राहिले.

"मी म्हनलं, मिस्त्री, तुमी मुद्दाम केलं का? नाही ना? मंग या, चहा प्या, जा. तं हे चहा बी घेत नाहीत. माह्या बायकोले वाटते, पोलीस हाय का कोन."

"घेतो चहा," मिस्त्री म्हणाले. त्या दिवशी घेतला, कारण मी समोर होते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते नोव्हेंबरच्या अखेरीस, सौंसरच्या स्टँडवर. माझा तिथे मावसबहिणीकडे मुक्काम होता आणि मी सकाळी घरी परतायला निघाले होते. थंडी कडक होती. गाडीच्या टपावर संत्र्याचे खोके चढत होते आणि खाली मिस्त्री गुडघे टेकून मागच्या चाकापाशी बसले होते. डोक्याला मफलर, त्यावर टोपी. कंडक्टर चहाचा ग्लास घेऊन बाजूला उभा.

"आले डाक्टर," कंडक्टर मला सांगत होता, मी कोण हे माहीत नसताना. "रोज नाडी पाहतात. काय डाक्टर, पेशंट काय म्हनते?"

"चार अजून ढिले झाले," मिस्त्री त्याच्याकडे न पाहता बोलले.

"मंग मरन का आज?"

"आज नाही."

मी जवळ गेले. त्यांनी वर पाहिलं, पण उठले नाहीत. उठायला वेळ लागला असता. अंगठ्याची कातडी फाटलेली होती आणि तिच्यात ती पांढरी भुकटी भरली होती.

"मिस्त्री, हे किती दिवस चालणार?"

"जानेवारीपर्यंत. शेठनं सांगितलं ना."

"तुमच्या तारेनं काय होणार आहे?"

"तार लोखंडाची हाय," ते म्हणाले. "खाईनच ती बी. पन महिनाभर धरन." मग विचारलं, "वहिनी, ते नवीन पत्रे, तुमी कारखान्यात आनले ना, त्याईले रबर लावून राहिले ना बराबर?"

"लावून राहिले."

"काऊन लावतात, ते सांगितलं ना पोट्ट्याईले?"

"सांगितलं."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रिपिटाकडे सरकले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. ते हात टेकून बाजूला झाले, गाडी निघाली, आणि ती वळेपर्यंत ते तिच्या मागच्या चाकाकडे बघत उभे राहिले. मी पांढुर्ण्याच्या गाडीत बसले. त्यांना हाक मारली नाही. ते किसनाच्या बागेशी थांबणाऱ्या दुसऱ्या गाडीनं जाणार होते.

अकरा तारखेला सकाळी ते पहिल्या गाडीला दिसले नाहीत, म्हणून त्या गाडीच्या कंडक्टरनं शेजाऱ्यांकडे निरोप धाडला. शेजाऱ्यांनी दार ढकललं. झोपेतच गेले होते. चपला दाराशी, तारेचं वेटोळं उशाशी. डॉक्टर म्हणाले, हृदय. जावयाला तार केली. मी दोन दिवस ते सगळं पाहिलं, मग कारखान्यातली राहिलेली कामं, मग आज ही अवजारं. संध्याकाळी पेटी बंद करताना मनात आलं: अकरा तारखेपासून त्या गाडीखाली कोणी वाकलेलं नाही.

१८ डिसेंबर.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आमची दोन माणसं घेऊन सौंसरला गेले. सोबत छिन्न्या, हातोड्या आणि एक हाताचं ड्रिल. गाडी स्टँडवर उभी होती, खोके चढून झाले होते. ड्रायव्हरला खाली उतरवलं. वासुदेवराव निरोप मिळाल्यावर खांद्यावर टॉवेल तसाच टाकून आले.

"वहिनी, जानेवारीत देतो म्हटलं ना!"

"गाडी नको मला. खालचा पत्रा काढून नेते."

"पत्र्याविना गाडी? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. चाकं दिसतील, डिझेलची टाकी दिसेल. चालायला काही अडत नाही."

ते बाजूला झाले. आमच्या माणसांनी दोन्ही बाजूंचा खालचा पत्रा अर्ध्या तासात उतरवला. छिन्नी फार लागली नाही. तार कापल्यावर पुष्कळसे रिपिट बोटांनीच निघाले. मागच्या चाकाजवळच्या एका पत्र्याला तर तारेशिवाय काही धरून नव्हतं.

गाडी दहा मिनिटं उशिरानं सुटली. खालून सगळं उघडं, बरगड्या दिसणाऱ्या बैलासारखी. स्टँडवरचे लोक बोट दाखवून हसत होते. हे सप्टेंबरातच करता आलं असतं. त्यासाठी गाडी अडवावी लागली नसती, संत्री थांबली नसती, वासुदेवरावांनाही हरकत घेता आली नसती. पण आम्ही दोघंही बॉड्या बांधणारी माणसं. पत्रा कसा धरेल याचाच विचार केला. तो काढूनही टाकता येतो, हे तीन महिन्यांत ना मला सुचलं, ना त्यांना.